खुरावरचा आकडा

मिझुरीतल्या या जनावरांच्या अड्ड्यावर
चौथ्या खिडकीत बसते मी.
आलेलं खेचर, गेलेलं खेचर,
मधला पैसा.
नाव ओटिली ब्रूनर्ट. जन्मानं जर्मन,
पगारानं तटस्थ.

चौदा सालच्या हिवाळ्यात कॅप्टन पेनहॅलो आला,
इंग्रजांचा ढोरवैद्य.
ओठ उचलून दात बघायचा,
कानामागून बोटं फिरवायचा,
पसंत पडलं की नुसतं म्हणायचा, "हं."
त्या एका "हं"ला एकशे ऐंशी डॉलर,
आणि डाव्या खुरावर तापल्या लोखंडाचा आकडा.
जळक्या शिंगासारखा वास
माझ्या वहीच्या पानांना अजून येतो.

वडील म्हणायचे,
आपण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.
पेपर तेच म्हणायचा, मोठ्या टाइपात.
पास्टर टीलमन तेच म्हणायचे, जर्मनमध्ये.
आणि रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर,
साठ डबे पूर्वेच्या बंदराकडे निघायचे,
फळ्यांच्या फटींतून लांब कान बाहेर.
मी लिहायची : माल, नग बाराशे.
लढाई हा रकाना
आमच्या वहीत आखलेलाच नव्हता.

घरची ग्रेटा मात्र एर्विननं दोन हंगाम
गवताच्या माळ्यामागे दडवून ठेवली.
तिसऱ्या हंगामाला छप्पर गळायला लागलं.
तिचा "हं" मीच लिहिला.

मे महिन्यात ते मोठं जहाज बुडालं.
दुकानात साखर तोलता तोलता
मिसेस हारग्रोव्ह म्हणाली,
"तुमच्या लोकांनी असं का केलं?"
मी मागे वळून पाहिलं,
कोण उभं आहे म्हणून.

मग निवडणूक.
ज्यानं आपल्याला लढाईबाहेर ठेवलं
त्याला मत द्या, असा कागद
एर्विननं गोदामाच्या भिंतीवर डकवला.
मला मत नव्हतं.
खळ मी शिजवली.

मेक्सिकोला पाठवलेली ती तार छापून आली
त्या दिवशी वडिलांनी पेपर
रोजच्यासारखा शेगडीत नाही घातला.
चार घड्या करून ताटाशेजारी ठेवला
आणि घरात पहिल्यांदाच
आमच्याशी इंग्रजीत बोलले.
वाक्य साधंच होतं.
मीठ दे.

एप्रिलात, गुड फ्रायडेला, ठरलं.
पास्टरांनी प्रवचन मध्येच थांबवलं,
उरलेलं इंग्रजीत सांगू लागले,
आणि वधस्तंभापर्यंत येऊन
त्यांना खिळ्याला शब्द सापडेना.
मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितला.
आम्ही सगळे खाली बघत होतो.

गोदामाच्या भिंतीवर नवा कागद लागला,
जुन्याच्या उरावर.
खळीचा डबा तोच, ब्रशही तोच.

जूनच्या पाच तारखेला शाळेत टेबलं मांडली.
माझं अक्षर सुबक, हात जलद,
म्हणून मलाच बसवलं.
सकाळपासून गावची पोरं रांगेत,
टोप्या हातात, मानेवर कॉलरचा वळ.
उंची? मध्यम. बांधा? सडपातळ.
डोळे? (मान वर करून बघावे लागत. नियमच होता.)
हात, पाय, डोळा, काही गमावलंय?
अजून नाही, म्हणाला हारग्रोव्हांचा धाकटा,
आणि रांग हसली.

साडेतीनला एर्विन आला.
मी विचारलं, नाव?
तो म्हणाला, तुला माहीत आहे.
मी विचारलं, नाव?
त्यानं सांगितलं, पूर्ण, आईचं आडनाव धरून,
जसं आई रागावली की घ्यायची.
जन्म मी न विचारता लिहिला.
त्या रात्री मी आठ वर्षांची होते,
पाणी तापवत होते.
कुणी अवलंबून? या रकान्यावर
निब थोडी अडली.
"लिही, कुणी नाही," तो म्हणाला.

वरच्या कोपऱ्यात आकडा घातला : चारशे सतरा.
त्यानं तो उलटा वाचला,
मग दोन बोटांनी स्वतःचा वरचा ओठ उचलला,
दात दाखवले मला,
आणि कॅप्टन पेनहॅलोच्या आवाजात म्हणाला,
"हं."

मागची पोरं फिदीफिदी हसली.
शाई ओली होती अजून.
मी टीपकागद दाबला,
बराच वेळ दाबून धरला,
आणि म्हटलं, पुढचा.